लाभाची फेरी

…आणि लोटूचा हात खाली आला. काल गोष्ट इथंच अडली. चहा आला, कुणाच्या तरी साखरपुड्याचं निघालं आणि लोटूचा हात आपला रात्रभर हवेतच राहिला बिचाऱ्याचा. तर तो हात खाली आला, काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा फडफडला, दोन गाड्या सण्‌कन समोरून गेल्या आणि शर्यत संपली. गंमत अशी, की ती संपायला नको होती. एक फेरी अजून बाकी होती.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगायला हवं. जागा सुरतेजवळच्या इच्छापोरची, हजिरा रस्त्यापासून आत, कारखान्यांच्या वसाहतीतले रुंद रस्ते. रविवार, म्हणून सगळं सुनसान. त्या रस्त्यांवर जुने टायर आणि गवताच्या पेंढ्या लावून शर्यतीची वाट आखलेली. आणि झेंडा धरलेला माणूस उधन्याचा लोटू बोरसे. मूळ गाव पारोळ्याकडं, बोरी नदीच्या काठी. मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आला आणि पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात चिकटला, तो केस पांढरे होईपर्यंत तिथंच. रंगून, सुकून आलेलं कापड घड्या घालून बांधलं की त्याला तिकडं ताका म्हणतात. लोटूचं काम ताके मोजून थप्पी लावायचं.

आता त्याचं मोजणं ऐका, कारण सगळं रामायण त्या मोजण्यातलं आहे. लोटू कधी ‘एक’ म्हणायचा नाही. पहिल्या ताक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, “लाभ.” मग दोन, तीन, चार. बापाच्या खळ्यावर धान्याचं पहिलं माप टाकताना असंच म्हणत. पहिल्या मापाला आकडा लावायचा नाही, ते मोजायचं नाही, ते लाभाचं. मोजायचं नाही म्हणजे सोडायचं नाही हां! ते पोत्यात जातंच, हिशेबात धरलं जातंच. फक्त त्याला एक म्हणायचं नाही. गावाकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

समोरच्या बाजूला ताक्यांवर शिक्के मारायला धम्मरत्न असायचा. भुसावळकडचा, बाबासाहेबांच्या विचारात वाढलेला, तोंडाचा तिखट आणि मनाचा मऊ. तो रोज चिडवायचा.

“लोटू, लेका, एकाला एक म्हणायला तुझ्या बापाचं काय जातं?”

“आणि लाभ म्हणायला तुझं काय जातं, धम्मा?”

“माझं काही जात नाही. पण एक दिवस तुझा हा लाभ कुणाला तरी तोट्यात घालेल बघ.”

दोघं हसायचे, डबा एकत्र उघडायचे. घरंही उधन्यात दोन गल्ल्यांच्या अंतरावर. लोटूची नात धनश्री आणि धम्मरत्नची धाकटी मुलगी विशाखा लहानपणी एकाच रिक्षात कोंबून शाळेत जायच्या. पुढं दोघी इंजिनिअरिंगला गेल्या, पण वेगवेगळ्या कॉलेजांत. आणि दोन्ही कॉलेजांच्या पोरांनी गाड्या बनवल्या.

गाड्या म्हणजे आपल्या नव्हेत. धनश्रीनं आबाला पहिल्यांदा कॉलेजच्या शेडमध्ये नेलं तेव्हा लोटू त्या गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, “बेटा, ही अर्धीच झाली ना अजून? चाकं तर उघडी पडलीत. मडगार्ड कधी बसवणार?”

“आबा, बस ने! ही अशीच असते. ओपन व्हील म्हणतात.”

आणि खरंच ती अशीच असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांनी मोटारी पळवायला सुरुवात केली तेव्हा वजन कमी करायला पहिल्यांदा मडगार्डच उपटून फेकले. तेव्हापासून ती चाकं उघडी पडली ती पडलीच. त्या वेळी गाडीत दोघं बसत. एक चालवायचा आणि दुसरा मागं वळून सांगायचा, कोण येतंय, किती जवळ आलंय. मग अमेरिकेतल्या एका पठ्ठ्यानं पाचशे मैलांच्या शर्यतीत दुसऱ्या माणसाला घरी ठेवला आणि समोर एक आरसा ठोकला. बाकीचे ओरडले की हा एकटा कसा पळणार. तो पळाला आणि जिंकलाही. आपल्याकडं मद्रासजवळ शोलावरमला लढाईच्या वेळच्या विमानाच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथंही लोक उन्हातान्हात अशा उघड्या चाकांच्या मागं वेडे झाले होते. धनश्री हे सगळं मोबाइलवर दाखवायची आणि लोटू तोंडाचा आ करून बघायचा. त्याला एक गोष्ट मात्र लगेच कळली. चाकं उघडी, म्हणजे एकीचं चाक दुसरीच्या चाकात अडकलं तर गाडी उडणार. पुढच्याला ओलांडायचं तर हे सगळं माहीत असून चाकाला चाक लावायचं.

“ही गाडी तू चालवणार?”

“मीच. वजन कमी आहे ना माझं. विशाखाच्या टीममध्ये पण तीच चालवते.”

शर्यत भरवली ती सुरतेच्याच एका क्लबनं. क्लबचे योगराजभाई गाडीवेडे गृहस्थ. मोठ्या शर्यतीत शेवटचा झेंडा दाखवायचा मान पाहुण्याला देतात, कुणी नट, कुणी खेळाडू, हे त्यांना ठाऊक. ते म्हणाले, आपण नट कशाला आणायचा? सुरत कापडाचं गाव, झेंडा कापडाचा, तर मान कापडवाल्याला. धनश्रीनं आबाचं नाव सुचवलं. झेंडा सरलाबाईंनी, म्हणजे लोटूच्या बायकोनं, घरच्या मशिनवर काळे-पांढरे तुकडे जोडून शिवला. या चौकटी आल्या कुठून हे कुणालाच धड माहीत नाही. एक थाप अशी सांगतात, की घोड्यांच्या शर्यतीत जेवण वाढून तयार झालं की बायका टेबलावरचा चौकटीचा कपडा हलवायच्या, आता पुरे, जेवायला या! सरलाबाईंना ही थाप इतकी आवडली की शिवता शिवता त्या दोनदा हसल्या.

रविवारी सकाळी योगराजभाईंनी लोटूला लाकडी चौथऱ्यावर उभं केलं आणि समजावलं. “काका, बारा राउंड. पहिली सावकाश फेरी होते, नुसती टायर गरम करायला. ती मोजायची नाही. समोर बोर्ड आहे, किती फेऱ्या राहिल्या ते त्यावर दिसेल. मी बाजूलाच आहे, खांद्यावर हात ठेवीन, मग झेंडा.”

पहिली मोजायची नाही. लोटूच्या मनाला हे किती बरं वाटलं असेल सांगा! म्हणजे या मोटारवाल्यांतही हीच रीत आहे तर. गाड्या सावकाश एक चक्कर मारून आल्या आणि लोटू ओठातल्या ओठात म्हणाला, लाभ. मग इंजिनं किंचाळली, गाड्या सुटल्या, परत समोरून गेल्या. दोन. पुढं तीन, चार. हात मोजायला सरावलेला, मन डोळ्यांबरोबर पळतंय.

धनश्री सुरुवातीपासून पुढं होती. विशाखा चौथ्या नंबरवरून निघाली आणि एकेकाला मागं टाकत दुसऱ्या नंबरवर आली. मग दर चकरेला दोघींमधलं अंतर कमी. गर्दीत धम्मरत्न टोपी हलवत ओरडत होता, “दाब! दाब पोरी!” तेवढ्यात वळणावर काही पोरं मोबाइल घेऊन टायरांच्या पुढं आली आणि योगराजभाई त्यांना हाकलायला धावले. लोटू चौथऱ्यावर एकटा उरला. गाड्या सरळ रस्त्यावर आल्या. विशाखाचं पुढचं चाक धनश्रीच्या मागच्या चाकापर्यंत पोचलं, मग त्याच्याही पुढं सरकलं. ओठात आलं, बारा.

आणि हात खाली आला.

दोघींच्या गाडीतल्या आकड्याप्रमाणे एक फेरी बाकी होती, म्हणून दोघी पळतच राहिल्या. आणि त्या फेरीत विशाखानं इच्छापोरला अशी एक चीज दाखवली की बघणारे अजून सांगतात. शेवटच्या वळणावर आतल्या बाजूनं, चाकाला चाक न लावता, बोटभर जागेतून ती पुढं निघाली आणि रेषा पहिली ओलांडली. गर्दी नाचली. धम्मरत्नची टोपी हरवली. मग योगराजभाई धापा टाकत आले आणि डोक्याला हात लावून उभे राहिले.

“काका, आ शुं कर्युं!”

मोठ्या शर्यतींचा नियम क्लबनं जसाच्या तसा घेतला होता. झेंडा पडला की निकाल तिथंच. चीनमध्ये असंच झालं होतं, कॅनडातही झालं. चीनमध्ये तर एकानं शेवटच्या फेरीत पुढच्याला गाठलं होतं, ते सगळं पाण्यात, कारण झेंडा फेरीभर आधीच हलला होता. इच्छापोरला झेंडा पडला तेव्हा धनश्री अर्ध्या गाडीनं पुढं होती. धनश्री जिंकली.

लोक विचारायला लागले, अहो, बोर्डावर एकचा आकडा होता ना? तुम्हाला दिसला नाही?

“ऊन होतं समोर,” लोटू म्हणाला.

ऊन समोर नव्हतं. सकाळची वेळ, आणि त्याचा चेहरा पश्चिमेला. ऊन पाठीवर होतं. पण हे ऊन आणि लोटू यांनाच ठाऊक, कारण त्या क्षणी दुसरं कुणी त्या चौथऱ्यावर नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून धम्मरत्न आला. लोटूला वाटलं, आता हा मला धरून हलवणार. तर धम्मरत्ननं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पोट धरून हसायला लागला.

“अरे लेका! लाभ म्हणालास ना तू? सावकाश फेरीला लाभ म्हणालास!”

लोटूनं मान हलवली.

“साहेब,” धम्मरत्न योगराजभाईंकडं वळला, “या माणसाला तुम्ही सांगितलंत पहिली मोजू नका. जन्मभर हा पहिली न मोजताच मोजत आलाय! त्याचा लाभ म्हणजे एक. चूक तुमची. याच्या हातून एक ताका कधी इकडचा तिकडं झाला नाही, मी शिक्के मारलेत त्याच्या थप्पीवर. माझी पोरगी हरली, वाईट वाटतं, पण लोटू बेइमान नाही.”

सगळे हसले. योगराजभाईसुद्धा हसले. लाभाचा किस्सा तंबूतंबूत पोचला, लोक येऊन लोटूच्या पाठीवर थापा मारायला लागले. इतक्या प्रेमानं कुणी निर्दोष ठरवलं की माणसानं करावं तरी काय?

बक्षिसाच्या वेळी आणखी एक परीक्षा. अमेरिकेतल्या त्या पाचशे मैलांच्या शर्यतीत जिंकणारा दूध पितो. खरं म्हणजे एका जिंकणाऱ्यानं ताक मागितलं होतं, आईनं सांगितलं होतं उन्हाचं ताक चांगलं असतं म्हणून. फोटो छापून आला, दूधवाल्यांना वाटलं दूधच, आणि त्यांनी तेच चालू केलं. योगराजभाईंनी सुरतेत मुळावर बोट ठेवलं, ताकच, म्हणजे तिकडची छासच दिली. धनश्री दोन घोट प्यायली, उरलेली बाटली चौथऱ्यावरून खाली आबाच्या हातात दिली. “घ्या आबा, तुमचा पण हिस्सा.” लोटूनं बाटली तोंडाला लावली. तशीच खाली घेतली. विशाखा पलीकडं हेल्मेट काखेत धरून उभी होती आणि धनश्रीसाठी टाळ्या वाजवत होती. जोरजोरात नाही, पण वाजवत होती.

जिंकलेली टीम दक्षिणेत कोइमतूरला जाणार होती, देशभरच्या कॉलेजांच्या शर्यतीत. धनश्री घरी बॅग भरायला लागली. पण तिचाही जीव पूर्ण रमत नव्हता.

“आबा, ती पुढं गेली होती ना यार. सगळ्यांनी बघितलं.”

“नियम आहे, बेटा.”

“हो ना. नियम तो नियम छे.” आणि ती पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला लागली. नात घड्या घालत होती आणि लोटू तिच्या हातांकडं बघत बसला होता. घडी घालणं त्याच्या अंगात होतं. थप्पी गाडीत चढवण्याआधी एकदा परत नजर टाकायची, ही खात्याची रीत. मोजणं बरोबर असो नाही तर चूक, शेवटी मान वळवून एकदा बघायचंच. लोटूनं जन्मभर बघितलं. झोपेत असला तरी बघितलं असतं. मग रविवारीच का नाही? हा प्रश्न तो स्वतःला जेवताना विचारायचा, अंघोळीला गेलं की विचारायचा.

“तुमनं ध्यान कोठे शे?” सरलाबाई घरच्या अहिराणीत म्हणाल्या. “जेवण गार व्हई गयं.”

“काही नही वं.”

“काही नही म्हणे! झेंडा तं मीच शिवना ना? मंग मालेच फाशी द्या.” त्या हसल्या. लोटू हसला नाही. तेव्हा त्यांनी ताट उचललं. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला कळायचं ते कळतं.

क्लबचं एक कलम मात्र लोटूला कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं. ते त्याला योगराजभाईंच्या दुकानात कळलं. तिथं तो माफी मागायला म्हणून गेला होता. योगराजभाईंनी बसवलं, थम्स-अप मागवली आणि म्हणाले, “काका, चूक झाली तर निकाल झेंड्याचा. कुणी मुद्दाम केलं असेल तरच गोष्ट वेगळी, मग शर्यत पुन्हा घ्यावी लागते. पण तुमचं तर सगळ्यांना माहीत आहे, लाभ!” ते खोखो हसले. “विशाखाच्या टीमला तक्रार करायची तर बुधवारी संध्याकाळपर्यंत वेळ आहे. पण तिच्या पप्पांनीच नाही म्हणून सांगितलंय.”

म्हणजे धम्मरत्नच आडवा उभा होता. लोटूवर संशय घेणारी ओळ माझ्या घरातून जाणार नाही, असं त्यानं पोरीला बजावलं होतं. ज्या मित्रानं वाचवलं, त्याच्या मुलीचा रस्ता त्याच मित्राच्या विश्वासानं बंद केला होता. आणि हा रस्ता उघडला तर धनश्रीची भरलेली बॅग रिकामी होणार होती. थम्स-अपचा ग्लास लोटूनं तसाच ठेवला आणि उठला.

बुधवारी दुपारी तो दोन गल्ल्या चालत धम्मरत्नकडं गेला. वाटेत दोनदा थांबला, एकदा तर उगाच भेंडीचा भाव विचारला. दार उघडंच होतं. बाबासाहेबांच्या फोटोला ताजा हार होता, खाली खुर्चीत धम्मरत्न पाय हलवत बसला होता.

“जय भीम, लोटूभाऊ! या या. घरात पहिलं पाऊल टाकलंस, आता म्हण, लाभ!”

लोटू कसनुसा हसला आणि बसला. विशाखानं पाणी आणलं. ग्लास देताना तिचे हात काळवंडलेले दिसले, ग्रीस निघालं नव्हतं. ती आत गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“पोरीची समजूत काढ बाबा तूच,” धम्मरत्न म्हणाला. “टीमची पोरं फोन करकरून डोकं खातायत. संध्याकाळपर्यंत तक्रार करा म्हणतात. मी म्हटलं, लोटूच्या इमानाची चौकशी? मी जिवंत असेपर्यंत?”

“बाबा, मी तक्रार केली नाही,” विशाखा म्हणाली. “तुम्ही म्हणालात म्हणून नाही केली. पण मला एक विचारू द्या. काका, रागावू नका.”

“विचार.”

“लाभाचं मला पटतं. लहानपणापासून ऐकतेय तुमचं मोजणं. पण नंतर मी त्या चौथऱ्यावर जाऊन उभी राहिले होते. तिथून बोर्ड स्पष्ट दिसतो. तुम्हाला दिसला नव्हता का?”

“झालं ना सांगून, समोर ऊन होतं त्याच्या,” धम्मरत्न मध्येच म्हणाला. “काय गं, वकील झालीस का?”

विशाखा बापाकडं वळली नाही. ती लोटूकडंच बघत होती. लोटूनं ग्लास खाली ठेवला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला,

“ऊन पाठीवर होतं, पोरी. बोर्ड दिसला असता, पण मी पाहिलाच नाही. बारापर्यंत आलो ते चुकूनच, तुझा बाप म्हणतो तसंच, त्यात खोटं नाही. पण तुझं चाक धनश्रीच्या चाकापुढं सरकलेलं दिसलं, आणि मनात आलं, आता मान वळवली तर कदाचित झेंडा थांबवावा लागेल आणि तू पुढं निघशील. म्हणून वळवली नाही. धम्मा, तिला अडवू नको आता. चल पोरी, योगराजकडं जाऊ, हे त्याला माझ्याच तोंडून ऐकू दे.”